कमानीखालची वाट

माझी पुतणी वास्तुशास्त्राच्या चौथ्या वर्षाला आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या वर्गाला मुंबईच्या दादाभाई नौरोजी रस्त्याचा अभ्यास नेमून दिला होता. जोडीची मैत्रीण तापाने पडली, तेव्हा मोजपट्टीचे दुसरे टोक धरायला तिने मला नेले. रविवारी मराठीचा प्राध्यापक दुसऱ्या कोणत्या कामाचा!

"काका, या इमारतींत सारखं काय दिसतं?"

मी वर पाहिले. एक गॉथिक थाटाची, दुसरी ग्रीक वळणाची, तिसरीवर मोगली घुमट. "काहीच नाही," मी म्हणालो.

"वर नका बघू. खाली बघा!"

खाली कमानी होत्या. एका इमारतीची वाट सरळ दुसरीत शिरत होती.

मग तिने सांगितले. सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, १८६२ नंतर, फोर्टचा तट पडला. पुढे हा रस्ता, तेव्हाचा हॉर्नबी रोड, रुंद झाला आणि शतकाच्या अखेरीस नव्या इमारती उठल्या. मालकांना अट एकच: तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची वाट ठेवा. वरचा थाट ज्याचा त्याने ठरवावा.

मला वृत्ताची आठवण झाली. शार्दूलविक्रीडिताच्या चरणात अक्षरे एकोणीसच. पण कुणी त्यात शृंगार भरतो, कुणी वैराग्य.

तेवढ्यात सर आली. क्षणात कमानीखाली हमाल, वकील, लेकुरवाळी बाई, सगळे एका रांगेत! कुणी मालकाची परवानगी विचारली नाही. फोर्टातली जागा त्याने काही खुशीने सोडली नसेल. नियमाने त्याच्याकडून औदार्य करवून घेतले.

घरी परतलो. पुतणीच्या हातात मोजपट्टी होतीच. आमच्या मजल्यावरच्या सामाईक व्हरांड्यात माझ्या पुस्तकांची दोन कपाटे आहेत. तिने मुकाट्याने मोजले. "काका, वाट दोनच फूट उरलीय. उद्या आग लागली तर?"

मी चहाचा विषय काढला. ती हसली नाही. इतक्यात शेजारचे आजोबा काठी सावरीत, अंग तिरपे करून, कपाटाजवळून गेले. गेली सहा वर्षे ते तसेच जात आहेत. त्यांनी कधी तक्रार केली नाही, म्हणून मला कधी दिसले नाही.

एक कपाट मी आत घेतले आहे. दुसऱ्याचे काय करायचे, यावर घरात अद्याप खल चालू आहे. पण दिवाळीच्या आत ते हलायलाच हवे. यंदा व्हरांड्यातली पणत्यांची ओळ मधे खंडता कामा नये.