उशिराचे व्याज कोणाचे?

बारावीचा निकाल लागला की सोलापूरच्या पूर्व भागात, कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, कितीतरी घरांतला एखादा दागिना गहाण पडतो. घरात लग्न नसते, आजारपण नसते. मुलाचा किंवा मुलीचा कॉलेज प्रवेश असतो. दागिना नसेल तर बचत गटातून उचल. तीही पुरली नाही तर दर आठवड्याला हप्ता वसूल करणारी मायक्रोफायनान्स कंपनी. शैक्षणिक कर्ज म्हटले की आपल्याला बँक आठवते. या घरांचे कर्ज मात्र कोणत्याच वहीत शैक्षणिक म्हणून लिहिलेले नसते, त्यामुळे सरकारची एकही व्याजसवलत त्याला लागू होत नाही.

आणि यातले बरेचसे कर्ज निव्वळ उशिरामुळे झालेले असते. विडी कामगारांच्या मुलांना केंद्रीय कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे: साध्या पदवीला वर्षाला 6,000 रुपये, अभियांत्रिकी-वैद्यकीयला 25,000. पूर्वी विड्यांवरच्या उपकरातून कामगार कल्याणाचा हा निधी उभा राहत असे. 2017 मध्ये जीएसटी आला आणि उपकर गेला, शिष्यवृत्ती राहिली. याशिवाय राज्याच्या शिष्यवृत्त्या महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळतात. अर्ज भरायचा, कॉलेजने तो तपासून पुढे पाठवायचा, खात्याने मंजूर करायचा, मग हप्ता जमा होण्याची वाट पाहायची. हे पैसे अनेकदा वर्ष सरता सरता येतात, कधी पुढच्या वर्षी. फी मात्र प्रवेशाच्या दिवशीच द्यावी लागते.

एक साधा हिशेब मांडू. बी.एस्सी.च्या वर्गात प्रवेश घेताना फी, पुस्तके, बसचा पास धरून घराने 30,000 रुपये महिना दोन टक्क्यांनी उचलले. दहा महिन्यांचे व्याज झाले 6,000. विडी कामगाराच्या मुलाला पदवीसाठी मिळणारी वर्षाची शिष्यवृत्तीही नेमकी तेवढीच. म्हणजे दिलेला सगळा पैसा व्याजात गेला, आणि मुद्दल फेडायला आईने पुन्हा विड्या वळायला बसायचे. माल देताना विडी वाकडी निघाली तर ती छाटात जाते, नुकसान तिचे. सरकारी खात्यात फाईल अडली तर तेही नुकसान तिचेच, हे मला कोणत्याही न्यायात बसताना दिसत नाही.

1913 साली सयाजीराव गायकवाडांनी तरुण भीमराव आंबेडकरांना अमेरिकेतल्या शिक्षणासाठी दिलेली शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. दरमहा, कारण विद्यार्थी दरमहा जेवतो. शंभराहून अधिक वर्षे झाली तरी हे साधे भान आपल्या योजनांना आलेले नाही.

मुलींसाठी राज्याने 8 जुलै 2024 रोजी एक चांगला शासन निर्णय काढला. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक-आर्थिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. त्याचे स्वागतच आहे. पण विकास शुल्क, वसतिगृह, मेस उरतेच, आणि पुण्याला गेलेल्या मुलीच्या घरी खरा बोजा तोच असतो.

बँकेचे शैक्षणिक कर्ज बाहेरच्या अशा उचलीहून कितीतरी स्वस्त पडते. 4 लाखांपर्यंत तारण नाही, बाहेरचा जामीनदारही नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असले की पुरते. साडेसात लाखांपर्यंतही मालमत्ता गहाण मागता येत नाही. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर मान्यताप्राप्त संस्थेतल्या व्यावसायिक शिक्षणाच्या काळातले आणि नंतरच्या एका वर्षाचे व्याज केंद्र भरते. विडी कामगाराचे कोणते घर या मर्यादेत बसत नाही? तरी शाखेत ‘घराचा उतारा आणा’, ‘पगारदार जामीन आणा’ असे तोंडी सांगून आईला परत पाठवले जाते. लेखी नकार नसल्याने तक्रार कशावर करायची, हेही तिला कळत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीन दोन्ही काढले आहेत, पण ती देशातल्या निवडक (सुरुवातीला 860) संस्थांपुरती. गावातल्या कॉलेजात शिकणारा बहुसंख्य विद्यार्थी त्या यादीबाहेरच राहतो.

म्हणून मागणी नेमकी करायला हवी. शिष्यवृत्तीस पात्र ठरलेल्या विद्यार्थ्याकडून सरकार भरणार असलेली रक्कम प्रवेशाच्या वेळी घेऊ नये, आणि घेतली तर जिल्ह्यातच दाद मागता यावी. अर्ज मंजूर होऊन ठरलेल्या मुदतीत पैसे जमा झाले नाहीत तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचे व्याज त्या खात्याने विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करावे. आयकराचा परतावा रखडला तर सरकार व्याज देतेच. बँकेने प्रत्येक नकार कारणासह कागदावर द्यावा, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी अग्रणी बँकेच्या बैठकीत ते कागद जून ते सप्टेंबर दर महिन्याला मागवून वाचावेत.