हळद वाचली, आरोग्यपच्चाचे काय?

जखम भरून आणण्याच्या हळदीच्या गुणावर अमेरिकेत दिले गेलेले पेटंट १९९७ साली रद्द झाले, तेव्हा देशभर समाधान व्यक्त झाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ही लढाई लढली. वृत्तपत्रांनी तिला ‘हळदीघाटी’ म्हटले. तो अभिमान रास्तच होता. परंतु आपले ज्ञान दुसऱ्याने बळकावू नये म्हणून लढणे वेगळे आणि त्याच ज्ञानातून वस्तू घडवून ती बाजारात टिकवणे वेगळे. पहिल्या कामात टाळ्या मिळतात. दुसऱ्या कामाकडे कोणाचे लक्ष नसते, आणि विकसनशील देश नेमके तिथेच मार खातात. केरळातील आरोग्यपच्चाची कहाणी या दृष्टीने प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे.

१९८७ साली डॉ. पी. पुष्पांगदन आणि त्यांचे सहकारी वनस्पतींच्या शोधात अगस्त्य पर्वताच्या परिसरात फिरत होते. वाटाडे होते तेथील काणी जमातीचे वनवासी. चढणीने शास्त्रज्ञ थकले, वाटाडे मात्र ताजेतवाने. ते अधूनमधून कसलीशी फळे चघळत होते. बऱ्याच आर्जवानंतर त्यांनी ती वनस्पती दाखवली. तीच आरोग्यपच्चा. तिरुवनंतपुरमजवळच्या पालोड येथील वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने तिच्यावर अनेक वर्षे काम केले. तिच्या पानांना अश्वगंधा, पिंपळी आणि विष्णुक्रांता यांची जोड देऊन ‘जीवनी’ हे शक्तिवर्धक औषध सिद्ध झाले. १९९५ साली कोइंबतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला सात वर्षांसाठी उत्पादनाचा परवाना दिला गेला. शुल्क दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन. त्यातील निम्मा वाटा काणींचा! त्यासाठी १९९७ मध्ये त्यांचा स्वतंत्र न्यास नोंदवला गेला आणि १९९९ मध्ये पाच लाखांहून थोडी अधिक रक्कम त्याच्या हाती आली. ज्ञान ज्याचे, त्याला मोबदला, हे तत्त्व १९९२च्या जैवविविधता कराराने कागदावर मांडले होते. ते व्यवहारात उतरवणाऱ्या जगातील अगदी आरंभीच्या उदाहरणांत याची गणना झाली. परिषदांतून त्यावर निबंध वाचले गेले.

मग बिघडले कुठे? औषधाला पाने हवीत आणि आरोग्यपच्चा वाढते ती दाट जंगलाच्या सावलीत. काही काणी कुटुंबांनी लागवड सुरू केली, कंपनी पाने विकत घेऊ लागली. तेवढ्यात वनखाते आडवे आले. लागवडीच्या नावाखाली जंगलातील रोपे उपटून विकली जातील, ही त्यांची भीती. ती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. मागणी वाढताच रोपांची चोरटी तोड होऊ लागली होती. पण भीती खरी असेल तर तिच्यावर उपाय शोधायचा, की लागवडच रोखायची? संशोधन संस्था राज्याची, वनखातेही राज्याचेच. दोघांनी एका टेबलाशी बसून लागवडीचे नियम ठरवायला कोणाची हरकत होती? कच्च्या मालावाचून उत्पादन कायम लंगडत राहिले. परदेशात पेटंट घेतले गेले नव्हते, आणि ‘जीवनी’ या नावाचा व्यापारचिन्ह म्हणून अमेरिकेत हक्क सांगितला तो तिथल्याच एका कंपनीने. हळदीसाठी जागा झालेला देश या वेळी झोपेत होता.

यात कोणी खलनायक नाही, हेच अधिक बोचणारे आहे. शास्त्रज्ञांनी संशोधन केले, कंपनीने औषध काढले, वनखात्याने वन राखले. प्रत्येकाचे आपापले काम चोख! प्रयोगशाळेपासून ग्राहकापर्यंतचा सगळा रस्ता मात्र कोणाच्याच जबाबदारीत नव्हता. प्रयोगशाळांचे शोध उद्योगांपर्यंत नेण्यासाठी आपल्याकडे १९५३ पासून राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ आहे. अमेरिकेने १९८० साली विद्यापीठांना सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचे हक्क देणारा कायदा केला. त्याच धर्तीवरचे विधेयक आपल्या राज्यसभेत २००८ साली आले आणि २०१४ मध्ये मागे घेतले गेले. त्यात दोष होते हे मान्य. परंतु पेटंटचा मालक कोण, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर मिळाल्याने पाने कुठून आणायची हा प्रश्न सुटत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. सरकारी संस्थेने कोणताही परवाना देण्याआधी तीन गोष्टी लेखी ठराव्यात: कच्चा माल कोण, कुठे आणि कोणाच्या संमतीने पिकवणार, मालाचे नाव कोणकोणत्या देशांत नोंदवायचे आणि त्याचा खर्च कोण करणार, आणि अडचण आल्यास कोणत्या अधिकाऱ्याने किती दिवसांत निर्णय द्यायचा. २००२च्या जैवविविधता कायद्याने चेन्नईत राष्ट्रीय प्राधिकरण आले, राज्याराज्यांत मंडळे आली. हे काम त्यांच्याकडे सोपवता येईल. आपल्या सह्याद्रीत आणि सातपुड्यात वैदू आहेत, वनौषधी आहेत, त्यांच्यावर काम करणारी महाविद्यालयेही आहेत. उद्या त्यांतल्या एखाद्या पाल्याचे औषध झाले, तर तो पाला तोडण्याची परवानगी द्यायची कोणी, याचे उत्तर महाराष्ट्राच्या वनखात्याने आणि जैवविविधता मंडळाने आजच देऊन ठेवावे.