मागच्या बाकावर कोण बसणार?

माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. खात्याच्या जीपमध्ये घरच्या माणसांना बसवायचे नाही, असा त्यांचा कडक नियम होता आणि बदलीच्या दिवशी तो सर्वानुमते मोडला जाई. मागच्या दोन समोरासमोरच्या बाकांवर आम्ही भावंडे, मधल्या जागेत ट्रंका, त्यांवर वळकट्या आणि आईच्या मांडीवर देवांचा डबा. वर ताडपत्रीचे हूड, मागची बाजू उघडी आणि तिथून आत येणारा फुफाटा. गुडघ्याला गुडघा लावून केलेले ते प्रवास साठी उलटून गेल्यावरही विसरता येत नाहीत. जीप म्हटले की मला आधी तो बाक आठवतो, इंजिन नंतर.

हे सारे आज सांगण्याचे कारण, गेल्या वर्षी मी वापरलेली जीप विकत घ्यायला निघालो. केवळ हौस म्हणून नव्हे. निदान घरात तरी मी तसेच सांगितले. पाटण तालुक्यात आमचे जुने घर आहे. डांबरी रस्ता गावापर्यंत जातो, पण घर वरच्या वाडीत. शेवटचे दोन-अडीच किलोमीटर लाल मातीची चढण. आषाढात साधी मोटार तिथे जागच्या जागी चाके फिरवत राहते. चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी होती आणि नवी कोरी घेण्याइतका खिसा जड नव्हता. तेव्हा जुनी घ्यायची, हे ठरले. पण जुनी म्हणजे किती जुनी?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. आपल्याकडे जीप ही एक गाडी नसून एक घराणे आहे. महिंद्रा कंपनीने 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत अमेरिकन विलीज जीपची जुळणी सुरू केली, तिथून हे घराणे आपल्याकडे रुजले. बाजारात आज प्रामुख्याने त्याच्या तीन पिढ्या मिळतात. पहिली, 1980 च्या दशकातली एमएम 540 आणि तिची भावंडे. दुसरी, 2010 साली आलेली थार. तिसरी, 2 ऑक्टोबर 2020 पासून विकली जाऊ लागलेली नवी थार. तिघींचा तोंडवळा एकच, पण स्वभाव तीन. मी तिन्ही पाहिल्या, तिन्ही चालवल्या आणि ज्या निष्कर्षाला आलो तो माझ्या जीपवेड्या मित्रांना आवडलेला नाही. तरीही तो मांडतो, कारण त्यांच्याही गाडीत बायकामुले बसतात.

पहिली पाहायला गेलो ती 540. साताऱ्याकडच्या एका गॅरेजात ती उभी होती. मिस्त्रींनी बॉनेट उचलले आणि म्हणाले, "साहेब, हिच्यात काही लपवायला जागाच नाही." खरोखरच नव्हती. प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या तंत्रावर बनलेले 2112 सीसीचे डिझेल इंजिन, अश्वशक्ती फक्त 62. पुढे-मागे सरळ अॅक्सल, चारही चाकांवर पाटे. कुठे संगणक नाही, सेन्सर नाही. डिझेल, हवा आणि थोडी माया मिळाली की चालणारे यंत्र. बिघाड झाला तर तो कानाला ऐकू येतो, नाकाला कळतो आणि बहुधा चार पान्यांत दुरुस्त होतो. ज्या गावात किराण्याचे एकच दुकान आहे, तिथेही ही जीप उघडून पुन्हा जुळवणारा एखादा तरी माणूस सापडतो. एकेकाळी आपल्याकडे वडापच्या निम्म्या गाड्या याच घराण्यातल्या, तेव्हा हे ज्ञान खेडोपाडी पसरले, ते अजून पुरते आटलेले नाही.

माझा जीव तिच्यावर जडला, हे कबूल करतो. पण जीव जडला की कागद वाचायचे राहून जातात, आणि या पिढीत खरी मेख कागदांतच असते. कुणी मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेले असते, कुणी चासी कापलेली असते, कुणी हरियाणातल्या डबवालीहून सजवून आणलेली असते. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत असे बदल वाहनात करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची. त्यानंतर तपासणी, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर आलाच. दिल्लीत तर दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले आणि तिथल्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. तशी एखादी घ्यायची तर ना हरकत दाखला हातात पडेपर्यंत पैसे देऊ नयेत. आरसी बुकातला चासी नंबर आणि लोखंडावरचा नंबर आपल्या डोळ्यांनी ताडून पाहावा. मी पाहिला. जुळला. पण चासीवर ठिगळ होते आणि ठिगळावर नवा काळा रंग होता. नमस्कार करून परत आलो.

मग पाळी आली मधल्या पिढीची. वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात हिचे कौतुक सर्वांत जास्त. "रूप जुन्याचं, इंजिन नव्याचं," असे दलालाने सांगितले आणि ते खोटे नव्हते. हिच्या सीआरडीई प्रकारात अडीच लिटरचे, 105 अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आहे. पुढची चाके स्वतंत्रपणे वरखाली होणारी, त्यामुळे सुकाणू सौम्य. 2015 च्या सुधारणेत मागच्या अॅक्सलला लॉकिंग डिफरन्शिअलही मिळाले, म्हणजे एक चाक चिखलात नुसते फिरू लागले तर दुसऱ्याला ताकद मिळते. आमच्या चढणीसाठी याहून चांगले काय हवे? किंमत बसत होती, कागद स्वच्छ होते. मी जवळजवळ विसार देऊन मोकळा होणार होतो.

त्या दिवशी सौभाग्यवती बरोबर होत्या. दलाल माझ्या शेजारी पुढे बसला, म्हणून त्या मागच्या बाकावर बसल्या. अगदी तोच बाक. समोरासमोरचा, बाजूला तोंड असलेला, माझ्या लहानपणचा. महामार्गाला लागलो आणि पाहता पाहता काटा नव्वदच्या पुढे गेला. इंजिन कुरकुरलेही नाही. इतक्यात पुढच्या ट्रकने ब्रेक मारला, मीही मारला. मागून आवाज आला, "अहो, इथे धरायचं कशाला?"

त्या एका प्रश्नाने माझा व्यवहार मोडला. त्यांना काही लागले नव्हते; पर्स तेवढी घरंगळत पुढे आली. पण घरी आल्यावर मी वहीवर साधे गणित मांडले. आदळताना गाडीत जी ऊर्जा असते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 60 ऐवजी 100 वेगाने जाणाऱ्या गाडीची ऊर्जा दीडपट नव्हे, जवळजवळ पावणेतीन पट होते. माझ्या वडिलांची जीप साठला गेली की तिचा पत्रा एवढा वाजे की ड्रायव्हर आपणहून पाय उचलत असे. त्या बाकावर आम्हाला देवाने राखले असे आई म्हणे. खरे म्हणजे आम्हाला त्या जीपच्या संथपणाने राखले.

आता नीट पाहा काय घडले. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 2000 साली सुरू झाली, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्ण झाला. रस्ते सुधारले, वेग वाढला. 2010 च्या थारला या नव्या रस्त्यांना शोभेल असे इंजिन मिळाले, पण मागची बैठक जुन्या रस्त्यांचीच राहिली. एअरबॅग या पिढीत आल्याच नाहीत. एबीएस ब्रेक अगदी शेवटी, 2019 मध्ये आले. सीट बेल्टचा केंद्रीय नियमसुद्धा समोर तोंड असलेल्या मागच्या आसनांबद्दल बोलतो. बाजूला तोंड करून बसलेल्या माणसाला त्यात स्थानच नाही. जुन्या जीपचे दोष तिच्या मंदपणाखाली झाकले जात. मधल्या पिढीने मंदपणा टाकला आणि दोष तसेच ठेवले. म्हणून माझे मत असे की, कुटुंबासाठी तिघींत सर्वांत जुनी नव्हे, तर ही मधली सर्वांत धोक्याची. कारण तीच सर्वांत मोहात पाडणारी आहे.

पुढे बसणारी दोनच माणसे असतील, मागे खताची पोती, पंप किंवा तंबू असेल, तर हीच गाडी उत्तम. एखाद्या बागायतदाराला मी ती डोळे झाकून घ्यायला सांगेन. प्रश्न मागच्या बाकावर माणूस बसतो तेव्हाचा आहे. सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. महागड्या, आधुनिक गाडीत ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. पट्टा उपलब्ध असताना तो न लावल्याने जर असे होते, तर जिथे पट्टाच नाही तिथे नातवाला बसवताना आपण कोणाच्या भरवशावर असतो?

उरली तिसरी. जाणकार मंडळी हिला नाके मुरडतात. "ही जीप नव्हेच, ही जीपचा पोशाख केलेली मोटार," असे माझा एक मित्र म्हणतो. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. 2020 च्या या गाडीचे डिझेल इंजिन 130 अश्वशक्तीचे, पाटे जाऊन स्प्रिंगा आल्या, संगणक आला. वाडीवर बिघडली तर गावातला मिस्त्री फक्त सहानुभूती दाखवू शकतो. पण हिच्यात दोन एअरबॅग आहेत, एबीएस आहे आणि मागची आसने समोर तोंड करून, पट्ट्यांसह आहेत. नोव्हेंबर 2020 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तिला प्रौढांसाठी आणि मुलांसाठी चार-चार तारे मिळाले. आणि चढणीवर लागणारा तो छोटा दांडा, चारही चाके जोडणारा आणि लो गिअर टाकणारा, तोही शाबूत आहे.

मात्र हिच्यातही डोळे उघडे ठेवावे लागतात. सुरुवातीच्या काही स्वस्त प्रकारांत तेच बाजूला तोंड असलेले बाक होते. जानेवारी 2023 पासून हिचा फक्त मागची चाके ओढणारा प्रकारही निघाला. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून दांडा आहे की नाही हे आत डोकावून पाहावे. डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती स्वच्छ व्हायला गाडीला अधूनमधून लांब पल्ला लागतो. रोज मंडईपर्यंतच जाणाऱ्याने पेट्रोल गाडी पाहावी. आणि दारे दोनच असल्याने मागे चढायचे तर पुढची खुर्ची पाडून, अंग चोरून आत शिरावे लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ही गाडी नाही. ऑगस्ट 2024 मध्ये पाच दारांची रॉक्स आली खरी, पण ती जुन्या बाजारात माझ्या आवाक्यात नव्हती.

मी 2021 ची डिझेल थार घेतली. पुणे ते पाटण हा लांब पल्ला दर पंधरवड्याला होतो, जाळीची चिंता नाही. सौभाग्यवती पुढे बसतात, चार वर्षांचा नातू मागे, मुलांच्या खास खुर्चीत पट्ट्याने बांधलेला. त्याला बांधून घेणे आवडत नाही. मी त्याच्या वयाचा असताना जीपच्या मागे पाय लोंबकळत सोडून बसत असे, हे मी त्याला सांगितलेले नाही.

आषाढात पहिल्यांदा चढण चढलो तेव्हा खाली थांबून दांडा ओढला, लो गिअर टाकला आणि गाडी सावकाश, न घसरता वर गेली. सबंध वर्षात तो दांडा मला आठ-दहा वेळा लागला असेल. महामार्ग मात्र प्रत्येक खेपेला लागला. जीप घेताना आपण त्या आठ-दहा दिवसांचा विचार करतो आणि उरलेल्या दिवसांचा विसरतो. निवड त्या उरलेल्या दिवसांसाठी करायची असते.

540 ची ओढ गेली असे नाही. कधी तरी कागद आणि चासी दोन्ही धड असलेली एखादी सापडली तर घेईनही. रविवारी सकाळी एकट्याने, चाळीसच्या वेगाने, गावाच्या वेशीपर्यंत जाऊन यायला. तो माझ्या आठवणींचा प्रवास असेल आणि त्याची जोखीमही माझी एकट्याची असेल. आठवणींच्या प्रवासाला घरच्यांना मागच्या बाकावर बसवून नेण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही.