रोमचा कायदा आणि चारशे गुलाम

युरोपच्या सहलीला गेलेली मराठी मंडळी रोमला पोहोचली की कोलोसियमसमोर हमखास छायाचित्र काढून घेतात. त्यात गैर काही नाही. दगडी कमानींची ती वास्तू आजही पाहणाऱ्याला थक्क करते. परंतु परतल्यावर हीच मंडळी पाश्चात्त्यांची शिस्त आणि त्यांचा कायदा यांचे गोडवे गाऊ लागतात, तेव्हा विचारावेसे वाटते की, त्या वास्तूत काय चालत असे, हे वाटाड्याने सांगितले का? इ.स. ८० मध्ये सम्राट टायटसने तिचे उद्घाटन केले, तेव्हा शंभर दिवस खेळ चालले. खेळ म्हणजे माणसांनी माणसांशी प्राणांतिक झुंजणे आणि हजारो जनावरांची कत्तल. अशा खेळांत दुपारच्या फावल्या वेळी दोषी ठरलेल्यांना प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी ठार करण्याची रीत होती. तत्त्वज्ञ सेनेकाने कोलोसियम उभे राहण्यापूर्वीच असा एक प्रसंग पाहिला व त्याविषयी शिसारी व्यक्त केली.

क्रौर्य सर्वच प्राचीन समाजांत होते, हे खरे. रोमचे वैशिष्ट्य असे की, तेथील क्रौर्य कायद्याच्या चौकटीत बसवलेले होते. आणि नेमक्या याच कायद्यापुढे आपल्या सुशिक्षितांची मान आदराने लवते! इ.स.पू. ४५१-४५० मधील बारा फलकांचा कायदा हा युरोपीय विधिशास्त्राचा पाया मानला जातो. त्याच फलकांत कर्ज न फेडणाऱ्याला टायबर नदीपलीकडे विकण्याची मुभा होती. व्यंग घेऊन जन्मलेले मूल मारून टाकावे, असेही कलम होते. कुटुंबप्रमुखाला अपत्यांवर जीवनमरणाचा अधिकार होता. नको असलेले, विशेषतः मुलीचे, अर्भक उघड्यावर टाकून दिले जाई. त्याला कायद्याने गुन्हा ठरवायला इ.स. ३७४ उजाडावे लागले.

गुलामाची गत तर विचारू नये. व्हॅरो या विद्वानाने शेतीच्या अवजारांची वर्गवारी केली. मुकी अवजारे म्हणजे गाडी, अर्धवट बोलणारी म्हणजे बैल आणि बोलणारी म्हणजे गुलाम! थोरला कॅटो हा रोमन सदाचाराचा आदर्श मानला जातो. त्याने म्हाताऱ्या बैलांबरोबर म्हातारा व आजारी गुलामही विकून टाकावा, असा सल्ला दिला आहे. न्यायालयात गुलामाची साक्ष साधारणतः छळ करून घेतली, तरच ग्राह्य धरली जाई.

या कायद्याचे खरे रूप इ.स. ६१ मध्ये दिसले. रोमचा नगरप्रमुख पेडेनियस सेकुंडस याचा त्याच्याच एका गुलामाने खून केला. ठरलेली किंमत घेऊनही धन्याने मुक्तता नाकारली, असे एक कारण इतिहासकार टॅसिटस देतो. धन्याचा खून गुलामाच्या हातून झाला, तर त्या छताखालच्या सर्व गुलामांना देहदंड, असा दंडक होता. सेकुंडसच्या घरी चारशे गुलाम होते. त्यांत स्त्रिया होत्या, वेगवेगळ्या वयांची माणसे होती आणि बहुतेकांचा खुनाशी सुतराम संबंध नव्हता. रोमची सामान्य जनता संतापून सिनेटबाहेर जमली. आत गायस कॅसियस उभा राहिला. हा कोणी माथेफिरू नव्हे, तर त्या काळचा अग्रगण्य विधिज्ञ होता. सीझरच्या मारेकऱ्यांपैकी जो कॅसियस, त्याच्याच घराण्यातला. या गर्दीला केवळ भीतीनेच आवरता येते, त्यात काही निरपराध मरणार, पण ते लोकहितासाठी, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. एकट्याने उठून विरोध करण्याचे धाडस कोणालाही झाले नाही. लोकांनी दगड व पेटती कोलिते हाती घेतली, तेव्हा नीरोने रस्त्याच्या दुतर्फा सैनिक उभे केले आणि त्या चारशे जणांना वधस्थळी नेण्यात आले.

येथे हेही नोंदवले पाहिजे की, गुलामांसाठी रस्त्यावर उतरली ती रोमची सामान्य प्रजा. माणुसकी तिच्यापाशी होती. शिकल्यासवरलेल्या सिनेटने मात्र कायद्याचे पुस्तक उघडले.

जिंकलेल्या प्रदेशांनाही हाच अनुभव आला. शेक्सपिअरमुळे आपल्याला ब्रूटस ठाऊक आहे तो थोर मनाचा, स्वातंत्र्यप्रेमी म्हणून. या ब्रूटसने सायप्रसमधील सालामिस नगराला दुसऱ्यांच्या नावे ४८ टक्के व्याजाने कर्ज दिले होते. प्रांतांतील प्रजेला रोममध्ये असे कर्ज देण्यास कायद्याने बंदी होती, म्हणून सिनेटकडून खास सवलतीचे ठराव करून घेतले गेले. वसुलीसाठी त्याच्या माणसाने घोडदळ नेऊन नगराच्या पंचांना सभागृहात कोंडले. पाच जण उपासमारीने मेले. इ.स.पू. ५१ मध्ये सिलिशिया प्रांतावर सुभेदार म्हणून आलेल्या सिसेरोच्या पत्रांतून हे उघड झाले.

मग रोमची भव्य प्रतिमाच आपल्या मनात कशी रुजली? १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणाचा कर्ता मेकॉले यानेच १८४२ मध्ये प्राचीन रोमच्या शौर्याची कवने प्रसिद्ध केली, हा निव्वळ योगायोग नव्हे. ब्रिटिश साम्राज्य स्वतःला रोमच्या आरशात पाहत होते. आरशातला डाग त्याला दाखवायचा नव्हता. साम्राज्य गेले, आरसा मात्र आपण जपून ठेवला.

यावर लगेच प्रश्न येईल की, आपल्याकडे काय सर्व आलबेल होते? मुळीच नाही. अस्पृश्यतेचे पाप आपलेच. महात्मा फुले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, स्वातंत्र्यवीर सावरकर यांनी ते समाजाच्या तोंडावर सांगितले, हे योग्यच झाले. भारतात गुलाम नाहीत, या मेगॅस्थेनिसच्या विधानावर आपण हुरळून जातो, तेही बरे नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दासांविषयी स्वतंत्र नियम आहेत, अर्थात दास होते. त्याच नियमांत दासाकडून प्रेत वाहून नेणे वा उष्टे उचलणे अशी कामे करून घेणाऱ्या धन्याला दंड आहे, हेही सांगितले पाहिजे. आमची तक्रार एवढीच की, हिंदू समाजाचा इतिहास त्याच्या दोषांपासून सुरू करायचा आणि रोमचा इतिहास त्याच्या कमानींपासून, हे दुटप्पी मोजमाप कोणत्या शास्त्रात बसते?

रोमन कायद्याच्या इतिहासात गायस कॅसियसचे नाव एका विधिपरंपरेचा प्रमुख म्हणून आदराने घेतले जाते. ते अवश्य घ्यावे. त्याच पानावर सिनेटमधले त्याचे ते भाषणही विद्यार्थ्यांना वाचायला द्यावे.