‘मदरबोर्ड गेला’ म्हणजे नेमके काय गेले?

लॅपटॉपचे बटण दाबले, काहीच झाले नाही. दुकानात नेला, तर काउंटरवरच्या माणसाने दहा मिनिटांत सांगून टाकले, ‘मदरबोर्ड गेलाय, बदलावा लागेल.’ टिळक रस्त्यावरच्या दुकानांपासून हिंजवडीपर्यंत हे वाक्य अनेक पुणेकरांनी ऐकले असेल. सबमिशन तोंडावर आलेला विद्यार्थी किंवा घरून काम करणारा कर्मचारी लगेच ‘हो’ म्हणतो आणि ही घाई महागात पडते. तपासणी न करता ‘बोर्ड गेला’ म्हणणे हा अंदाज आहे, निदान नव्हे.

एकही दिवा लागत नसेल, तर पहिला संशय चार्जरवर घ्यावा. शक्य असल्यास त्याच मॉडेलचा दुसरा चार्जर लावून पाहावा. टाइप-सी लॅपटॉपला मोबाइलचा चार्जर लावून उपयोग नाही. ६५ वॉट मागणाऱ्या यंत्राला १८ वॉट पुरत नाहीत. मग चार्जर काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरावे. आत साठलेला वीजभार निघून गेल्यावर काही लॅपटॉप मुकाट्याने सुरू होतात. पंखा फिरतोय पण पडदा काळा आहे? एचडीएमआय केबलने टीव्ही जोडावा. टीव्हीवर चित्र आले, तर बोर्ड चालू आहे; दोष पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये. नाही आले, तर रॅम काढून, साफ करून पुन्हा बसवून घ्यावी. लोगोवर येऊन अडकत असेल, तर आधी एसएसडी आणि विंडोज तपासावे. चहा-पाणी सांडले असेल किंवा बॅटरी फुगली असेल, तर मात्र यातले काहीही करू नये. चार्जर काढून, बंदच ठेवून, तसाच दुरुस्तीला न्यावा.

दोष बोर्डातच निघाला, तरी अख्खा बोर्ड बदलणे हा एकच उपाय नसतो. बोर्डावर शेकडो सुटे भाग असतात. त्यातला एखादा कपॅसिटर किंवा मॉस्फेट शॉर्ट झाला, की सगळे यंत्र मृतवत होते. भाग काही रुपयांचा. पैसे जातात ते तो शोधणाऱ्याच्या कौशल्याला, आणि ते द्यायलाच हवेत. बायोसची चिपही पुन्हा प्रोग्रॅम करता येते. कंपन्यांची सर्व्हिस सेंटर्स सहसा या फंदात पडत नाहीत, ती थेट बोर्ड बदलतात. वॉरंटी असेल तर तेच बरे. वॉरंटी संपलेली असेल, तर चिप-लेव्हल काम करणाऱ्याचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. प्रोसेसर किंवा ग्राफिक्स चिपच गेली असेल, तर गोष्ट वेगळी. चिप तापवून केलेली तात्पुरती मलमपट्टी बऱ्याचदा फार काळ टिकत नाही.

बोर्ड बदलताना डेटाचे काय, हे अनेकदा कोणी सांगतच नाही. विंडोज ११च्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि तिची किल्ली बोर्डाशी बांधलेली असते. बोर्ड बदलला, की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. मोबाइलवरून आधीच शोधून ठेवावी. काही पातळ लॅपटॉपमध्ये, अलीकडच्या मॅकबुकमध्ये तर हमखास, स्टोरेज बोर्डाचाच भाग असते. तिथे बोर्ड बदलला, की डेटाही गेला.

मग बदलावा कधी? समजा, तसाच लॅपटॉप सेकंड-हँड ३० हजारांत मिळतो आणि बोर्डाचा खर्च २० हजार सांगितला आहे, तर तो सौदा तोट्याचा. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल, तर त्यावर अधिकृतपणे विंडोज ११ चालत नाही आणि विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा यंत्रात नवा बोर्ड घालण्यात अर्थ नाही. एसएसडी काढून डेटा वाचवावा.

केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल सुरू केले, पण दुकानाच्या काउंटरवर ग्राहकाला उपयोगी पडतो तो कागदच. नेमका कोणता भाग बिघडला, बसवणार तो बोर्ड नवा की जुना, त्यावर वॉरंटी किती, हे काम सुरू होण्याआधी लेखी घ्यावे आणि काढलेला बोर्ड परत मागावा. दुकानदार टाळाटाळ करू लागला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.