माझ्या अर्जाचा नंबर मलाच का नाही?

'तुमची विनंती प्रक्रियेत आहे.' हे वाक्य मी २१ दिवस रोज वाचलं. वडिलांच्या ऑपरेशनचं बिल ऑफिसच्या पोर्टलवर टाकलं होतं आणि उसने पैसे परत करायची तारीख जवळ येत होती. हेल्पडेस्कला फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला : "इन्स्टन्स आयडी सांगा." तो मला पोर्टलने कधी दाखवलाच नव्हता! शेवटी आयटीतल्या मित्राने अ‍ॅड्रेस बारमधली ३६ अक्षरांची माळ कॉपी करायला लावली. मग पाच मिनिटांत उलगडा झाला. नोकरी सोडून गेलेल्या मॅनेजरच्या नावावर माझं बिल पडून होतं.

खरी गंमत पुढे आहे. मॅनेजर नसेल तर अर्ज वरच्या साहेबांकडे जावा, ही सोय कंपनीने आधीच केली होती. पण नव्या आवृत्तीत. पोर्टलचा फॉर्म मात्र अजून जुनीच आवृत्ती सुरू करत होता.

हे का होतं? कामुंडा ७ हे वर्कफ्लोचं सॉफ्टवेअर घ्या. त्यात प्रक्रियेची एक 'की' असते, म्हणजे तिचं कायमचं नाव. प्रत्येक आवृत्तीला वेगळा डेफिनिशन आयडी मिळतो. आणि तुमच्या-माझ्या एकेका अर्जाला मिळतो तो इन्स्टन्स आयडी. 'की' वापरून प्रक्रिया सुरू केली तर सर्वांत नवी आवृत्ती चालते. कोडमध्ये डेफिनिशन आयडी चिकटवून ठेवला तर तीच जुनी आवृत्ती चालत राहते. कुणी तक्रार करेपर्यंत कळतही नाही. आणि नंबरच नसेल तर तक्रार करायची कशाची?

"लांबलचक नंबर पाहून लोक गोंधळतात," असं सांगतात. १० आकडी पीएनआर घेऊन अख्खा देश रेल्वेने फिरतो, तेव्हा कुणी गोंधळत नाही. शिवाय कामुंडा ७ मध्ये 'बिझनेस की' म्हणून आपला सुटसुटीत क्रमांक जोडता येतो. एनएटएन किंवा पॉवर ऑटोमेटमध्ये चालू रनचा आयडी एका एक्स्प्रेशनने मिळतो. तो पोचपावतीच्या मेलमध्ये टाकणं हे एका ओळीचं काम आहे. दुसरी सबब सुरक्षेची. पण नुसता नंबर माहीत असल्याने कुणाची फाइल उघडत असेल, तर दोष लॉगिन न तपासणाऱ्या सिस्टिमचा आहे, नंबरचा नाही.

ज्या सरकारी कचेरीला आपण नावं ठेवतो, तिथेही अर्जावर शिक्का मारून आवक क्रमांक देण्याची रीत आहे. महाराष्ट्राच्या २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याने तर अर्जदाराला पोचपावतीत स्वतंत्र अर्ज क्रमांक आणि मुदत कळवणं बंधनकारक केलं. मग चकाचक डॅशबोर्डवाल्यांना हे जड का जातं? कारण नंबर दिला की विचारणा होते, आणि विचारणा झाली की कुणाच्या टेबलावर काय अडलंय ते उघड होतं.

तुम्ही असे वर्कफ्लो बनवत असाल, तर आयडी पहिल्याच मेलमध्ये द्या आणि कोडमध्ये जुन्या आवृत्तीचा आयडी ठोकू नका. आणि फॉर्म भरणारे असाल, तर 'सबमिट' दाबल्यावर नंबर मागा. नाही दिला, तर लेखी मागा.