पाठलाग गैर, मग पुरावा ग्राह्य कसा?

पोलिसांना पाहून पळणाऱ्याने वाटेत काही फेकले, तर ते त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालते का? ‘कॅलिफोर्निया विरुद्ध होडारी डी.’ या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सात विरुद्ध दोन मतांनी ‘चालते’ असे उत्तर दिले. ओकलंडमध्ये पोलिसांची गाडी येताना पाहून काही पोरे पांगली. पाठलाग करणारा पोलीस अगदी समोर येताच त्यातल्या एका अल्पवयीन मुलाने हातातला खडा भिरकावला आणि पुढच्याच क्षणी पोलिसाने त्याला लोळवले. खडा क्रॅक कोकेनचा निघाला. न्या. अँटोनिन स्कॅलिया यांचा तर्क असा : घटनेची चौथी दुरुस्ती नागरिकाला अवाजवी झडतीपासून आणि अटकावापासून संरक्षण देते, पण पोलिसाचा हात अंगाला लागल्याशिवाय किंवा माणूस हुकूम मानून थांबल्याशिवाय अटकाव झालाच असे म्हणता येत नाही. खडा पडला तेव्हा यातले काहीच घडले नव्हते. म्हणून तो टाकून दिलेला माल.

तर्क नेटका आहे, पण संशयाला पुरेसे कारण नव्हते हे या खटल्यात सरकार पक्षानेच मान्य केले होते. म्हणजे तोच खडा पोलिसाने मुलाला अडवून खिशातून काढला असता, तर पुरावा बाद होण्याचीच शक्यता होती. मागे धावून टाकायला लावला, तर मात्र ग्राह्य. न्या. जॉन पॉल स्टीव्हन्स यांच्या भिन्नमताचा रोख इथेच होता. पोलिसाची कृती वैध की अवैध, हे समोरचा माणूस नंतर काय करतो यावर ठरू नये. (बेकायदा झडतीत सापडलेला पुरावाही संबद्ध असेल तर चालतो, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली पूरणमल खटल्यात म्हटले, त्यामुळे आपल्याला हा काथ्याकूट वाटेल. अमेरिकेत मात्र असा पुरावा वगळणे हाच पोलिसांवरचा मुख्य लगाम आहे.)

यावरचा आक्षेप ठरलेला : कर नाही त्याला डर कशाला? स्कॅलिया यांनीही बायबलमधल्या अशाच नीतिवचनाचा आधार घेतला. पण मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बॉस्टन पोलिसांचीच आकडेवारी पुढे ठेवून सांगितले, की तिथे कृष्णवर्णीयांना प्रमाणाबाहेर अडवले जाते. तेव्हा त्यांचे पळणे हे त्या अपमानापासूनचेही पळणे असू शकते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रस्त्यावरचे पाठलाग लोकांच्या जिवावर बेततात, म्हणून पळण्याला कायद्याने उत्तेजन देऊ नये. मान्य, पण कारण नसताना पाठलाग सुरू करणाऱ्यालाही ते का मिळावे? असा पुरावा वगळला तर गुन्हेगार मोकाट सुटतील ही भीतीही अवाजवी आहे. पोलिसांना ठोस पुरावा आधी लागत नाही, वाजवी संशय पुरतो. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २००० सालच्या वॉर्डलो निकालानंतर तर गुन्हेगारीग्रस्त भागात पोलिसांना पाहून धूम ठोकणेही त्या संशयाला पुरेसे ठरू शकते. एवढीही अट ज्या पाठलागाला पेलत नाही, त्यातला मुद्देमाल न्यायालयाने नाकारावा. न्यू जर्सीने १९९४ मध्ये आणि पेनसिल्व्हेनियाने १९९६ मध्ये आपापल्या राज्यघटनांच्या आधारे नेमके हेच केले; सर्वोच्च न्यायालयाचा होडारी निकाल मात्र आजही कायम आहे.